मेव्हिसने लावलेलं माप

९ जुलै, सकाळ

आजपासून गॅरेजमधल्या टेबलावर काम सुरू. मेव्हिस मे महिन्यात गेली, तेव्हापासून तिची सेमी-ऑटोमॅटिक रायफल कपाटात पडून आहे. सप्टेंबरात नेमबाजी क्लबची स्पर्धा. कॉरिन ओमाहाहून येणार आणि आईच्या रायफलीने भाग घेणार, असं काल फोनवर ठरलं. काडतुसं दुकानातून आणते म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आईने दुकानातलं काडतूस त्या रायफलीत कधी घातलं नाही. ती घरी भरायची तशी मी भरीन. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आजवर एक तरी काडतूस भरलंय का?

भरलेलं नाही. पण सगळी नोकरी फार्मसीत पावडरी तोलण्यात गेली. शिवाय मेव्हिस भरत असताना मी शेजारी रेडिओ ऐकत बसायचो. बघून बघून येतंच.

संकल्प: रोज न्याहारी करायची. अंत्यविधीला आलेल्यांना आभाराची कार्डं या आठवड्यात. लोकांनी आणलेल्या नूडल्सची काचेची भांडी ज्याची त्याला परत.

शोक वगैरे म्हणून हे करत नाही. काम आहे, कोणीतरी करायला हवं.

११ जुलै

पावडर मोजायचं यंत्र फळीवर आहे तसंच सापडलं. वर नळकांडं, बाजूला दांडा. दांडा ओढला की ठरलेली पावडर काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीत पडते. किती पडायची ते एका स्क्रूवर ठरतं. स्क्रू जिथे आहे तिथेच राहील. मेव्हिसचं माप कधी चुकलं नाही, त्यामुळे फिरवायचा प्रश्नच नाही.

वजनकाटा पुसला आणि वर कापड घातलं. धूळ फार येते.

भांडी अजून इथेच.

१४ जुलै

क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पहिल्याच दिवशी सगळी काडतुसं उडाली, म्हणजे भरणं जमलं. रिकाम्या पुंगळ्या मात्र पार पुढे गवतात जाऊन पडल्या. मेव्हिसच्या तिच्या उजव्या हाताला, थोड्या मागे, एकाच जागी पडायच्या. ती न बघता वेचायची. मी गुडघ्यांवर रांगून शोधत होतो, तेव्हा पलीकडच्या माणसाने विचारलं, काही हरवलं का? नाही म्हटलं.

घरी येऊन पुस्तक काढलं. पुंगळीच्या बुडात ठिणगी पाडणारी छोटी टोपी असते. तिच्या कडा गोल राहायला हव्यात. माझ्या इस्त्री केल्यासारख्या चपट्या आहेत. पुस्तक म्हणतं, आत दाब फार झाल्याची ही खूण. टोप्या नरम धातूच्या असल्या तरी असं होत असणार. दुसऱ्या आणतो.

१९ जुलै

ड्वाइट हॅल्व्हर्सन आला. शेजारी, आणि काडतुसं भरण्यातला गावचा सल्लागार. त्याच्या बागेत काकडीसारख्या लांबट झुकिनी फार झाल्यात, त्यातल्या तीन आमच्या टेबलावर ठेवल्या. पुंगळ्या बघून म्हणाला, अरे एमेट, माझ्याही टोप्या वर्षानुवर्षं अशाच चपट्या, मी काय मेलोय का? मग तो बराच वेळ झुकिनीकडे बघत राहिला.

ड्वाइटची रायफल बोल्ट, म्हणजे पुंगळीमागची लोखंडी खीळ, हाताने ओढायची; जाडजूड, जास्त दाब सोसणारी. तरी अनुभवी माणूस म्हणतो म्हणजे काही असेल. काळजीचं कारण नाही.

२६ जुलै

नव्या टोप्या, कडक. चपट्या झाल्याच. शिवाय आता पुंगळीच्या बुडावर चकचकीत अर्धचंद्र उमटतो. पुस्तकात त्याचा फोटो आहे, हुबेहूब. खाली लिहिलंय, पावडर कमी करा आणि प्रत्येक भरणं तोलून पाहा. पुस्तकं सरसकट सगळ्यांसाठी लिहिलेली असतात.

माझं निदान: ऊन. काडतुसं गाडीत तापतात आणि पावडर तापली की दाब वाढतो, हेही पुस्तकातच आहे. यापुढे बर्फाच्या पेटीत न्यायची. सँडविचसोबत राहतील.

३ ऑगस्ट

पेटीचा उपयोग झाला नाही. सँडविच ओलं झालं.

व्हर्ना स्टोल्झ भेटली. गुराढोरांची डॉक्टर, क्लबची सेक्रेटरी, मेव्हिसची मैत्रीण. तिने माझी एक पुंगळी उचलली, उन्हात धरून फिरवली आणि विचारलं, पावडर तोललीस? मी म्हटलं, मापाने भरली. ती म्हणाली, मी ते विचारलं नाही. मी म्हटलं, मेव्हिसने लावलेलं माप आहे. तिने पुंगळी माझ्या हातात ठेवली आणि दंडावर थोपटून गेली. पटलं असावं.

कार्डं आणली आहेत. पेन कुठे ठेवलं ते सापडत नाही.

१० ऑगस्ट

रोग सापडला. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत गोळीमागचाच वायू बोल्ट मागे ढकलतो. बोल्ट जोरात मागे आला की पुंगळी लांब उडते. म्हणजे आतली स्प्रिंग ढिली. कडक स्प्रिंग बसवली. आज पुंगळ्या अगदी उजव्या हाताला, थोड्या मागे पडल्या. तिच्या पडायच्या तिथेच. मी न बघता वेचायला गेलो, दोन सापडल्यासुद्धा.

कॉरिनला फोन करून सांगितलं. बरं म्हणाली. मग म्हणाली, जेवता ना नीट? मी म्हटलं, न्याहारी रोज. (आज ड्वाइटची झुकिनी, कच्ची.)

१२ ऑगस्ट

टोप्या अजून चपट्या. पण पुंगळ्या जागच्या जागी पडतात, हे महत्त्वाचं.

व्हर्नाला सांगायला नको होतं. म्हणाली, लंगड्या घोड्याला वेदनाशामक देऊन शर्यतीत उतरवलंस. आता तो लंगडणार नाही, सरळ पाय मोडेल. आणि एमेट, त्या घोड्यावर तुझी मुलगी बसणार आहे. मी म्हटलं, औषधांचं मला शिकवू नकोस. ती म्हणाली, तेच तर, ताप दाबला म्हणजे आजार गेला असं तू तुझ्या गिऱ्हाइकांना कधी सांगितलं असतंस का?

रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ ऑगस्ट, दुपार

एक टोपी पुंगळीतून निखळून चापाच्या कप्प्यात जाऊन पडली. रायफल अडकली. हलवली तर आत खुळखुळ वाजली. लोक बघण्याआधी गुंडाळून आणली. एका पुंगळीची कडही फाटली आहे.

पुंगळ्या जुन्या झाल्या, दुसरं काय. मेव्हिसने पुष्कळदा वापरलेल्या. टाकून द्यायला हव्यात. त्या कॉफीच्या डब्यात घालून डबा वरच्या फळीवर ठेवला. टाकल्यासारखंच आहे.

नव्या पुंगळ्या मागवल्या. आता कसलीच शंका नाही.

२ सप्टेंबर

नव्या पुंगळ्या भरून झाल्या. उडवून पाहिल्या नाहीत. स्पर्धेसाठी ताज्या राहू देत.

वजनकाट्यावरचं कापड काढलं होतं. परत घातलं.

६ सप्टेंबर

कॉरिन आली. दारातच तिने भांड्यांची चळत पाहिली आणि विचारलं, बाबा, हे दुकान कधी काढलंत? मग तिने बसून प्रत्येकाच्या बुडाला चिकटवलेली नावं वाचली आणि संध्याकाळपर्यंत सगळी पोचवून आली. मला हे असं सुचलं नव्हतं असं नाही.

तिच्या बॅगेत दुकानातल्या काडतुसांची खोकी दिसली. मी ती माझ्या मोज्यांच्या खणात ठेवली. चुकून सरमिसळ व्हायला नको.

जेवताना म्हणाली, खरं सांगा, गोळ्या ठीक आहेत ना? मी म्हटलं, तुझ्या आईच्याच आहेत समज. तिचे डोळे भरले. बटाटे वाढून घेतले तिने आणखी.

७ सप्टेंबर, सराव

लिहायला बसलो आहे कारण दुसरं काही सुचत नाही.

कॉरिन आईच्या चटईवर आडवी झाली. रायफल खांद्याला लावली आणि गाल टेकवला. मेव्हिस टेकवायची तसाच, आधी हनुवटी आणि मग गाल. बोल्टपासून तिचा डोळा चार बोटांवर होता. हे मी मेव्हिसच्या बाबतीत कधी पाहिलंच नव्हतं. पाहायचं कारणच नव्हतं.

मी थांब म्हणालो. आवाज जास्त निघाला असावा, कारण सगळ्या ओळीने रायफली खाली ठेवल्या आणि व्हर्नाने लाल झेंडा वर केला.

कॉरिनने काडतुसांचं मॅगझिन काढलं, बोल्ट उघडा ठेवला, उठून बसली. काय झालं बाबा? मी म्हटलं, तोललेलं नाही. ती म्हणाली, काय तोललेलं नाही? मी म्हटलं, काहीच. एकदाही नाही.

तिने विचारलं, का? तुम्ही तर चहातली साखरसुद्धा मोजता. सगळे ऐकत होते. मी म्हटलं, तोललं असतं तर स्क्रू फिरवावा लागला असता. तुझ्या आईने शेवटचा लावलेला.

कॉरिनने माझा हात धरला. तेवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण पलीकडच्या चटईवरून ड्वाइट म्हणाला, कुठला स्क्रू? फळीवरच्या त्या यंत्राचा? अरे, तो मी लावलाय. माझ्या बोल्टवाल्या रायफलीसाठी, भरपूर पावडरीचा. यंत्र माझ्याकडेच होतं की, मार्चपासून. अंत्यविधीच्या दिवशी नूडल्सबरोबर आणून फळीवर ठेवलं. तुला सांगितलं होतं एमेट. तू म्हणालास, आभारी आहे, फार चविष्ट दिसतंय.

कोणीतरी हसलं आणि खोकून घेतलं.

कॉरिनने विचारलं, आईने कशाला दिलं? ती तर उन्हाळ्यात परत नेम मारणार होती. ड्वाइटने डोक्यावरची टोपी काढली, आतून पाहिली, परत घातली. म्हणाला, स्वतःच बोलावून दिलं पोरी. म्हणाली, घेऊन जा ड्वाइट, मला आता लागायचं नाही. एमेटला एवढ्यात सांगू नकोस, तो उन्हाळ्याची तयारी करतोय.

व्हर्नाने झेंडा खाली केला. लोक परत आडवे झाले.

८ सप्टेंबर

स्पर्धा. मेव्हिसची रायफल कारागिराने तपासल्याशिवाय कोणी उडवायची नाही, असं व्हर्नाने सांगितलं आणि आपली जास्तीची रायफल कॉरिनला दिली. दुकानातली काडतुसं मला मोज्यांच्या खणातून काढून द्यावी लागली. कॉरिनने खण बघितला आणि लोटून बंद केला.

वारा फार होता. कॉरिनचा नंबर मधेच कुठेतरी लागला. ड्वाइट तिसरा आला आणि दिवसभर माझी माफी मागत होता. शेवटी मी त्याला म्हटलं, तुझी झुकिनी मी खाल्ली बरं का. मग माफी थांबली. सगळ्यांनी गाडीच्या मागच्या फळीवर बसून राजम्याची चिली खाल्ली.

१० सप्टेंबर

कॉरिन सकाळी गेली. जाताना म्हणाली, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला येते, काही भरून ठेवू नका.

काटा काढला. तोललं. या रायफलीसाठी पुस्तकाने सांगितलेल्या कमाल मर्यादेच्या बरंच वर. फार्मसीतल्या पोराने अशी चूक केली असती तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

नळकांड्यातली पावडर बागेत पसरली. भरलेली काडतुसं एकेक करून उघडून पावडर काढतोय. हे काम मात्र येतं मला. स्क्रू शून्यावर आणला. गच्च असेल असं वाटलं होतं, दोन बोटांत फिरला.

चटई झटकून गुंडाळली. ही मीच आणली होती, मार्चमध्ये. जुनी फाटली होती, म्हटलं उन्हाळ्याला नवी हवी. मेव्हिसला तेव्हा जिना चढवत नव्हता. तरी ती दिवाणखान्यात चटईवर पालथी झाली, रायफलीशिवायच नेम धरून दाखवला. मी विचारलं, कशी आहे? म्हणाली, छान आहे, कॉरिनलाही होईल. मी म्हटलं, कॉरिनला कशाला, आधी तू वापर.

ती हो म्हणाली.