सात सव्वीसचा मेसेज

३ मार्च, सोमवार

स्कूलबसच्या ड्रायव्हरचा फोन परत प्रयोगशाळेत, माझ्या टेबलावर. सीलबंद पाकिटावर सही माझीच, दोन वर्षांपूर्वीची. अपील झालंय, त्यांच्या वकीलबाईंनी फेरतपासणी मागितलीय. साहेब म्हणाले, "नुसता सोपस्कार आहे. तेच निष्कर्ष, नवी तारीख. दोन दिवसांत मोकळी हो."

ही केस विसरणं शक्य नाही. बस पुलाचा कठडा तोडून खाली गेली. तीन मुलं गेली. अपघात सकाळी सात सव्वीसला. ड्रायव्हरच्या फोनवरून बायकोला मेसेज गेला, तोही सात सव्वीसला — "निघालो. मुलं बसली." मी अहवालात लिहिलं होतं: अपघाताच्या क्षणी चालक फोन हाताळत होता.

त्या एका वाक्यावर सात वर्षांची शिक्षा.

५ मार्च

फोनची काच फुटलीय, आतलं सगळं शाबूत. नवी प्रत काढली, जुनीशी ताडून पाहिली. जुळली. कंटाळवाणं काम. पाकीट बंद करायच्या आधी सहज स्क्रीनची नोंद उघडली — स्क्रीन कधी लागली, कधी बंद झाली.

सात अकराला लागली. सात बाराला बंद. त्यानंतर लागलेलीच नाही.

तीनदा पाहिलं. मग उठून तोंड धुऊन आले आणि चौथ्यांदा पाहिलं.

घरी बाबांनी कपाळाला हात लावला. "कणकण आहे का गं?" नाही म्हटलं.

६ मार्च

उत्तर सापडलं. फारच सोपं होतं.

शेवटच्या थांब्यावर रेंज नसते. ड्रायव्हरनी तिथे उभ्या गाडीत सात अकराला मेसेज लिहिला, पाठवायचं बटण दाबलं, फोन खिशात टाकला आणि बस सुरू केली. मेसेज फोनमध्येच अडकून राहिला. बस पुलावर आली, रेंज आली, मेसेज आपोआप सुटला. मी तो गेल्याची वेळ वाचली. लिहिल्याची वाचलीच नाही. दोन्ही वेळा एकाच तक्त्यात, शेजारीशेजारी होत्या.

तेव्हा टेबलावर चाळीस फोन होते. फाटकाबाहेर कॅमेरेवाले. साहेबांना रोज वरून विचारणा. कारणं लिहून पाहिली. कागदावर तर आणखीच पोकळ दिसतात.

७ मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"तुझ्या सहीचे किती अहवाल बाहेर आहेत, माहितेय? साडेसहाशे. एक चुकला म्हणालीस की उरलेल्यांवर वकील तुटून पडतील. त्यात खरे गुन्हेगारही सुटतील."

खोटं बोलत नव्हते. तेच तर.

मी विचारलं, बस कुठे आहे? निदान तिची तपासणी तरी... साहेबांनी चष्मा काढून पुसला. "भंगारात गेली. तुझा अहवाल आला तसं ते काम थांबवलं. कारण मिळालं होतं ना."

८ मार्च

झोप नाही. जेवण नाही.

१० मार्च

ड्रायव्हरची बायको वकीलबाईंबरोबर आली होती, कागदावर सही करायला. कपडे शिवते. बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेत. वकीलबाई आत गेल्या तशी माझ्याजवळ सरकली.

"मॅडम, निघताना रोज कळवा, हा हट्ट माझाच होता. ते म्हणायचे, रोज काय कळवायचं, रोजचीच तर गाडी. मी हट्ट केला नसता तर मुलं असती ना?"

प्रकरण चालू असताना बोलायची परवानगी नाही. मी पाण्याचा पेला पुढे केला. फक्त पेला! नियम किती सोयीचा असतो.

१३ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. त्यांची उभी हयात कचेरीत टंकलेखनात गेली. मटार सोलत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साहेबांना विचारलंस. आता मला विचारतेयस. अजून किती जणांना विचारायचं ठरवलंयस?"

आणि ताट माझ्याकडे सरकवलं. उरलेले मी सोलले.

१४ मार्च

अहवाल दिला. सहा पानं. पहिल्या ओळीत: आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, चूक माझी आहे.

साहेबांनी न वाचता शिक्का मारला. "सोमवारपासून खाली मालखाना बघ."

२० मार्च

मालखान्यात खिडकी नाही. दिवसभर मुद्देमालाच्या पाकिटांवर नंबर घालते. वरचे लोक जेवायला बोलवायचे थांबलेत.

२७ मार्च

तुरुंगात जाऊन आले. नियमात बसत नाही. ड्रायव्हरच्या बायकोबरोबर गेले.

जाळीपलीकडे बसलेला माणूस कोर्टातल्यापेक्षा अर्धा झालाय. कानशिलावर वण. मी कोण ते सांगितलं, हात जोडले, सगळं सावकाश समजावलं — सात अकरा, सात बारा, रेंज. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाही ताई. मी टाइप करत होतो."

"पण कोर्टात तुम्ही काहीच आठवत नाही म्हणाला होतात."

"तेव्हा नव्हतं आठवत. डोक्याला लागलं होतं. मग तुमचा कागद वाचून दाखवला. त्यानंतर हळूहळू आठवायला लागलं. आता सगळं दिसतं. 'बसली' लिहीत होतो, मान वर केली, तर समोर कठडा."

बायको जाळीला धरून म्हणाली, "अहो, ऐका तरी. तुमची चूक नव्हती."

"मग मुलं कशानं गेली?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही. उत्तर बसबरोबर भंगारात गेलंय.

"तिघांच्याही आईवडिलांना मी पत्रं लिहिलीत," ते म्हणाले. "माझ्यामुळे झालं म्हणून. एकानं उत्तर पाठवलं. आता त्यांना काय सांगू, कुणामुळेच नाही झालं?"

परतताना ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती.

४ एप्रिल

वकीलबाईंचा फोन. ड्रायव्हरनी अपील मागे घ्यायचा अर्ज दिलाय, स्वतःच्या अक्षरात. सोबत एकच कागद जोडलाय — माझा पहिला अहवाल.