उस्मानच्या बाणांची धार

खाबुरा, ओमान

प्रिय चिन्मय,

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. वसुंधराकाकू सुट्टीवर पुण्याला निघाल्यात. तुझ्या आईने त्यांच्या बॅगेत खजूर आणि हलवा कोंबला, मी मध्ये हा लिफाफा सरकवला. तुझ्याच हातात द्या म्हणून बजावलंय. परवा दुपारी तू ऑफिसातून फोन केलास तेव्हा मागे काहीतरी लयीत किरकिरत होतं. विचारलं, तर म्हणालास, एसी जुना झालाय. त्याबद्दल लिहायचं आहेच. पण आधी दुकानातली एक हकीकत सांगतो, ती डोक्यातून जात नाहीये.

उस्मान तुला आठवत असेल. पंपाचे पार्ट न्यायला येणारा, खजुराची बाग असलेला बलुची, बंदरात नोकरीला आहे. त्याला हल्ली धनुष्यबाणाचं वेड लागलंय. इथे शिकारीला बंदी, म्हणून बागेत गवताच्या गठ्ठ्यावर नेम धरत बसतो. आता मित्राबरोबर आफ्रिकेत जायचंय, रीतसर परवाना काढून, हरणाच्या शिकारीला. त्या बाणांची टोकं चित्रातल्यासारखी नुसती अणकुचीदार नसतात रे. मध्ये कणा आणि भोवती तीन पाती, वस्तऱ्यासारखी. धार नीट असेल तर जनावर तिथेच पडतं. नसेल तर जखम घेऊन पळतं आणि कुठल्या तरी झुडपात तडफडत राहतं. हे त्यानेच मला सांगितलं. सांगताना हसत होता, पण काउंटरवरचा एक खिळा उचलून बोटांत सारखा फिरवत होता.

म्हणाला, “अर्बाब, सबसे बढिया शार्पनिंग मशीन दो.” मला मालक म्हणून चिडवायची त्याची जुनी खोड. मी विजेचं यंत्र दाखवलं, बाजूला दांडी आणि चिमटा असलेला सेट ठेवला, शेवटी हिऱ्याची पूड बसवलेली साधी सपाट पट्टी ठेवली. त्याचा हात सरळ विजेच्या यंत्राकडे. मी म्हटलं, याने एवढंसं पातं तापेल, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल, मग धार टिकायची नाही. दांडीचा सेट सुरीसाठी उत्तम, पण तीन पात्यांचं टोक त्या चिमट्यात धड बसत नाही. तर म्हणतो, “तू दुकानदार है कि दुश्मन? महंगा माल बेचता ही नहीं!” आता याला काय सांगणार? खराब यंत्र घेऊन गेलेला माणूस परत येतो तो फक्त भांडायला.

मग त्याने खिशातून एक टोक काढलं. हे माझं नाही, मित्राचं आहे, म्हणाला. चकचकीत होतं अगदी. मी ते पट्टीवर ठेवून एकदा पुढे ढकललं आणि थांबलो. धार चांगली असली की पट्टीवर सरळ, बारीक आवाज येतो, रेशमी कापड फाडल्यासारखा. याचा येत होता खर्र, मध्येच टिक्, पुन्हा खर्र. टिक् म्हणजे पात्याची धार तुटलेली जागा. बाहेरून पाहशील तर आरसा. भाजीची सुरी खाचेतून ओढायचं ते स्वयंपाकघरातलं खेळणं असतं ना, त्यातून या पठ्ठ्याने टोक ओढलं होतं. ती खाच दोन बाजूंच्या सुरीसाठी असते, तीन पात्यांना ती वाकडीच चावते. वर त्याने पॉलिश मारून झाकलं होतं. आणि एवढा वेळ त्याच्या दुसऱ्या खिशात डबी खुळखुळत होती. आत आणखी टोकं आहेत हे मला आवाजावरूनच कळलं, आणि तीही याच खेळण्यातून गेली असणार.

बोलून दाखवलं असतं, तर तो हसला असता, “खलास, बाद में आता हूँ” म्हणाला असता आणि तीच टोकं घेऊन विमानात बसला असता. हे मला दिसत होतं. म्हणून मी त्या डबीचं नावच काढलं नाही. स्टूल ओढलं, पट्टीवर थोडं पाणी टाकलं, आणि त्या मित्राच्या टोकावर काम सुरू केलं. तीन पाती असल्याची एक गंमत आहे. दोन पाती एकदम पट्टीवर सपाट बसतात, कोन आपोआप मिळतो, मोजायला काही लागत नाही. ढकलायचं, फिरवायचं, पुन्हा ढकलायचं. जोर द्यायचा नाही आणि घाई करायची नाही. जरा वेळाने टिक् गेलं. मग खर्र गेलं. उस्मानने मान वाकडी करून कान पुढे केला. मी त्याला हातात दिलं, त्याने स्वतः चार वेळा ढकललं. आवाज बदलताना ऐकला आणि चेहरा असा झाला त्याचा की विचारू नकोस. तेवढ्यात तुझी आई चहा घेऊन आली. म्हणाली, “दोघं मिळून काय गाणं बसवताय?” तो लाजला. चहा संपला, आणि त्याने दुसऱ्या खिशातली डबी काउंटरवर उपडी केली. ते पहिलं टोकही मित्राचं नव्हतं, त्याचंच होतं, हे त्यालाही माहीत, मलाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने घासत बसलो. जाताना साधी पट्टी घेऊन गेला. शुक्रवारी निघालाय.

तुझ्या आईवरून आठवलं. मस्कतची आमची कंपनी बंद पडली तेव्हा तू शाळेत होतास. मी घरी येऊन पायातले बूट न काढताच सांगितलं. तिने काय म्हणावं? “बरं झालं, पंख्याला तेल घालायला वेळ मिळेल.” मी खरंच तेल घातलं. शेजारच्या मल्याळी बाईंनी ऐकलं की आमचा पंखा वाजायचा थांबला, त्यांनी त्यांचा दाखवला. मग वरच्या मजल्यावरच्यांची शिलाई मशीन, मग कोणाची तरी कात्री. हे दुकान त्या एका वाक्यातून निघालंय. ती त्या दिवशी रडली असती तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण मला ते ओझं एकट्याला वाहायला लागलं नाही.

तर आता तुझा एसी. चिन्मय, एसीच्या आवाजात “आता माझा नंबर!” असं कोणी पोर ओरडत नाही. त्याआधीच्या दोन्ही फोनमध्येही तीच किरकिर होती, दोन्ही वेळा भर दुपारी. गेल्या दिवाळीत मी तुमच्या सोसायटीपलीकडच्या महापालिकेच्या बागेत रोज बसायचो, तिथल्या डावीकडच्या झोपाळ्याच्या कडीचा आवाज मी ओळखतो. आणि तुझं ते “सगळं मस्त, बाबा” फार चकचकीत होतं. नोकरी कधी गेली, का गेली, मी विचारत नाही. फोनवर विचारलं असतं तर तू हसला असतास, म्हणून हे पत्र. इथे तुला आवाज सांभाळायला नको. एवढंच कर, सकाळी डबा घेऊन निघायच्या आधी यशश्रीला सांग, बायको आहे ती तुझी. तिने भरलेला डबा तू रोज बागेतल्या बाकावर खातोस, हे तिला दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नकोस. तिच्याशी बोलून झालं की मला फोन कर. त्याच झोपाळ्याशेजारून केलास तरी चालेल. फक्त कडीला थोडं तेल घाल, म्हणजे मला तुझं नीट ऐकू येईल.

तुझाच,
बाबा