पाटाने आलेलं नेट

तिमेझरीत, बुधवार, फेब्रुवारी संपत आला

चिरंजीव इद्दर यास,

थोरला भाऊ बास्सू याचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद. इकडे अल्लाच्या कृपेने सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे थंडीने धरलेत, पण जीभ उत्तम चालते. खेचराला खोकला झाला होता, तो गेला (खोकला गेला, खेचर आहे). तुझं कसं चाललंय? फ्रान्सात कानाला काही गुंडाळतोस की नाही? नऊ वर्षांत तुझे कान कोणी पाहिले नाहीत म्हणून विचारतो. आता तू म्हणशील, गावात इंटरनेट आल्याचं तर बाजारच्या ट्रकवाल्या मोहाने मला कधीच कळवलं, मग हा शहाणा कागद का खरडतोय? अरे बाबा, तेच सांगायला बसलोय. हे पत्रही मोहाच्याच हाती पोस्टात जाईल, आणि आपल्या नेटच्या आधी तुला पोचेल.

झालं असं, की ऑक्टोबरात रबातहून विदाद नावाची इंजिनियर बाई आली. पोरगी गुणाची. स्वतः खिंडीपर्यंत चढली, तिथे मोठी तबकडी बसवली, जवाच्या जुन्या कोठारात पेटी ठेवली आणि पेटीपासून एकेचाळीस घरांना एकेचाळीस वायरी ओढून दिल्या. आईने तिला तीनदा जेवू घातलं आणि तीनदाच विचारलं, ‘ह्यात माझा इद्दर दिसेल ना?’ बाई म्हणाली, ‘अगदी समोर बसल्यासारखा, आजी.’ इथवर सगळं सुरळीत होतं. पण शेवटच्या दिवशी जमातीची बैठक भरली, पुदिन्याच्या चहाचे चार ग्लास झाले, आणि बाईच्या तोंडून एक वाक्य निसटलं. म्हणाली, ‘सगळ्यांनी एकदम वापरलं तर थोडं हळू येईल हं.’ बस्स, घात झाला. सगळे म्हातारे ताठ बसले. डोंगरावरून येतं, सगळ्यांना एकदम पुरत नाही, हे दुखणं त्यांना नवीन का होतं? आपला पाटकरी हद्दू (अठ्ठ्याहत्तरचा झाला, फावडं अजून सोडत नाही) उठून म्हणाला, ‘मग पाळ्या लावायला हव्यात.’ बाई म्हणाली, ‘आजोबा, हे पाणी नाही हो, हे संपत नाही.’ हद्दू म्हणाला, ‘पोरी, पाणीही संपत नाही. शेवटच्या घराला पोचत नाही, एवढंच.’ यावर बाईने पाचव्या चहासाठी ग्लास पुढे केला.

तेव्हापासून नेट हद्दूच्या ताब्यात आहे. सकाळी तो कोठारात जातो, ज्याची पाळी त्याची वायर पेटीत खोचतो, बाकी चाळीस उपसतो, आणि सवयीने जमिनीवर फावड्याचा एक दणका देतो. पाळी मोजायची ती पाण्यासारखीच, सावलीवरून. कोठाराच्या पायऱ्यांवर सावली चढेल तसं नेट सरकतं. (घड्याळ का नाही, असं मी विचारलं. हद्दू म्हणाला, घड्याळ ज्याचं त्याचं असतं, सावली गावाची असते.) ढग आले की सावली नाही, सावली नाही म्हणजे पाळी नाही. डिसेंबरात सलग अकरा दिवस गाव कोरडं होतं. वरच्या आळीला आधी आणि खालच्या आळीला मागून, हा जुना नियमही लागू झाला. त्यात खालच्या वाडीवाल्यांनी पणजोबांच्या काळचा चामड्यावरचा कागद काढला. त्यात ‘खिंडीवरून जे जे खाली येईल त्याचा तिसरा हिस्सा आमचा’ असं स्पष्ट लिहिलंय, आणि तबकडी खिंडीवरच आहे! द्यावा लागला तिसरा हिस्सा. पण खरी कडी जानेवारीत झाली. नेट फारच बारीक यायला लागलं, तेव्हा हद्दूने पेटी नीट निरखली. चाळीस भोकं उघडी! ‘गळतंय रे इथून,’ म्हणून त्याने ओली माती आणि गवत कालवलं आणि पाटाची दारं बुजवतो तशी सगळी भोकं थापून बुजवली. पेटी जागीच गेली. विदादबाई नवी पेटी घेऊन धावत आली, माती पाहून मटकन खाली बसली, आणि आधी हसत होती की रडत होती ते आम्हाला कळलं नाही. आईने तिला पुन्हा जेवू घातलं.

आता आपल्या घराचं ऐक. आपली पाळी मंगळवारी, सावली तिसरी पायरी सोडते तेव्हापासून चौथीला टेकेपर्यंत. नेमका त्याच वेळी तुझा कारखाना चालू, आणि मोबाईल कपाटात बंद. पहिल्या मंगळवारी आईने चांदीच्या पिना लावल्या, नवी घोंगडी पांघरली, हातावर मेंदी काढून बसली. रिंग वाजत राहिली. आई म्हणाली, ‘कामात असेल लेकरू.’ दुसऱ्या मंगळवारी ढग. तिसऱ्या मंगळवारी खालच्या वाडीचा हिस्सा. मेंदी तीनदा वाळली रे! शेवटी मला राहवलं नाही. शेजारच्या इज्जाकाकूची रविवारची पाळी मागून घेतली आणि बदल्यात आपल्या जवाच्या पाण्याच्या दोन पाळ्या दिल्या (जव गेला, त्याचं बोलायला नको). त्या रविवारी तू लागलास! माझे तर डोळेच भरून आले. आईने मोबाईल हातात घेतला आणि सरळ कानाला लावला. मी ओरडतोय, ‘आई, समोर धर, समोर!’ ती म्हणते, ‘थांब, ऐकू दे.’ अर्धा तास तू जे पाहिलंस तो आईचा उजवा कान होता. नंतर तू निरोप धाडलास की वाळलेल्या अंजिराचा फोटो छान आला आहे, तो मी आईला वाचून दाखवला नाही. मग मी मोबाईल ओढून समोर धरला, तर तुझं चित्र तोंड उघडं ठेवून थिजलेलं. सावली चौथ्या पायरीला टेकेपर्यंत आई त्या उघड्या तोंडाकडे बघत बसली. म्हणाली, ‘दात नीट आहेत.’ आणि उठून चुलीकडे गेली. पाठमोरीच होती, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही.

तर माझी एवढीच विनंती, की मंगळवारी सकाळी तासभर सुट्टी मागून घे. साहेबाला सांग, आमच्या गावी सावली त्याच वेळेला पायरीवर येते. माणूस असेल तर समजून घेईल. तुझ्या बायकोला आणि मुलांना आशीर्वाद. गावातली सगळी मंडळी तुझी आठवण काढतात, हद्दू तर फारच.

तुझा थोरला भाऊ,
बास्सू

ता. क. मंगळवारच्या सुट्टीचं राहू दे, मागू नकोस. पत्र बंद करणार तेवढ्यात जमातीचा निर्णय कळला. एप्रिलच्या पहिल्या रविवारी नेटचा पाट साफ करायचा आहे. हो, खिंडीवरच्या तबकडीपासून कोठारापर्यंत! विदादबाई फोनवर कळवळून सांगत होती की तिथे हवेशिवाय काही नाही. हद्दू म्हणाला, ‘मग हवा साफ करू. साफ न करता वाहणारी वस्तू मला एक दाखव.’ नियम पाण्याचाच, वर एक नवं कलम. यादीत नाव असलेल्या प्रत्येक पुरुषाने स्वतः यायचं, आपलं फावडं आणायचं. जो येणार नाही त्याच्या घराची वायर वर्षभर खुंटीला. कासाब्लांकाचे, अगादीरचे सगळे येताहेत. आपल्या घरातून यादीत दोन नावं आहेत, एक माझं आणि एक तुझं.

ता. क. २. तुझ्या बदली मजूर देतो म्हणालो, नाही म्हणाले. दोन मेंढ्या देतो म्हणालो, तरी नाही. पाण्याच्या वेळी नऊ वर्षं तुझ्या वाटणीचं मीच उकरलं, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. आताच ‘स्वतः यायचं’ हे कलम कोणी घुसडलं म्हणून मी हद्दूवर आवाज चढवला. त्याने फावडं उचलून तुझ्या-माझ्या घराकडे दाखवलं. आई बैठकीत गेली होती म्हणे, काठी टेकत, चांदीच्या पिना लावून.

ता. क. ३. आत्ता घरी येऊन तिला जाब विचारला. भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, ‘लिही त्याला. मोबाईल कुठून धरायचा ते मला इज्जाने केव्हाच शिकवलंय. कान मी मुद्दाम दाखवला. माझं तोंड त्याने तिथेच बघितलं असतं, तर पोट भरलं असतं त्याचं, आणि आणखी नऊ वर्षं आला नसता. तोंड बघायचं असेल तर म्हणावं फावडं घेऊन ये.’

फावडं आणू नकोस रे, विमानात घेत नाहीत. तुझं जुनं मी आत्ताच धार लावून दाराशी ठेवलंय.