वाकळीतले ढेकूण

आई, ढेकूण तुझ्या वाकळीतून आले नव्हते. हे वाक्य आधी लिहिते, कारण नंतर लिहायचं म्हटलं तर मी ते टाळेन.

घरातल्या किडी शोधणं आणि त्यांचा बंदोबस्त करणं हे आता माझं काम आहे. काल पिरनवाडीतल्या एका घरी गेले होते. पायरीवर एक आज्जी बसल्या होत्या, शेजारी त्यांचं गाठोडं. सून आतून म्हणाली, "मॅडम, सासूबाई परवा गावाकडनं आल्या, ढेकणं घेऊनच आल्या बघा. आधी आमच्यात न्हवतंच काय." आज्जी म्हणाल्या, "व्हय बाई, मीच पाळल्यात, दूध पाजून." मी पलंगाची उशाकडची फळी सोडवली आणि फटीत टॉर्च मारली. काळे ठिपके आणि वाळलेल्या काती, थरावर थर. ढेकूण अंड्यातून निघाल्यावर पाच वेळा कात टाकतो, दर वेळी आधी रक्त पितो. पूर्ण वाढायला महिना-दीड महिना जातो. परवा आलेल्या गाठोड्यातून एवढ्या काती पडत नाहीत. तसं मी सुनेला सांगितलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

तुझ्या बाबतीत तेरा वर्षं लागली. मी बेळगावला हॉस्टेलवर राहायला आले, त्याच्या दुसऱ्या रविवारी तू निपाणीहून एसटीनं वाकळ घेऊन आलीस. जुनी लुगडी उकळत्या पाण्यातून काढून शिवलेली, आणि थरांमध्ये तंबाखूच्या काड्यांचा चुरा, कीड लागू नये म्हणून. आपल्या गल्लीत विड्या वळणाऱ्या सगळ्याच बायका तसं करायच्या. आज सांगते, चुऱ्याचा फारसा उपयोग नसतो. उकळत्या पाण्याचा मात्र असतो, त्यात अंडीसुद्धा टिकत नाहीत. तुझी वाकळ त्या खोलीतली सगळ्यात स्वच्छ वस्तू होती. पण खोलीभर तंबाखूचा वास सुटला. मंगळवारी शेजारच्या कॉटवरच्या मुलीच्या दंडावर लाल गांध्या उठल्या, एका ओळीत. ढेकूण वाकळीतून आले असं ठरलं. एक जण म्हणाली, "वास तर बघ गं, आख्खी तंबाखूची वखार आणलीया हिनं!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग तुला फोन केला. "आई, वाकळीत ढेकणं हायती. घेऊन जा."

तू म्हणालीस, "व्हय? बरं. उद्याच येतो."

दुसऱ्या दिवशी काम सोडून तू आलीस. वाकळ पिशवीत कोंबून तिचं तोंड सुतळीनं बांधलंस आणि माझ्या वयाच्या मुलींना म्हणालीस, "चुकलं बाई माझं." घरामागं नेऊन ती रॉकेल ओतून जाळलीस, हे शेजारच्या आक्कांनी नंतर सांगितलं. त्यानंतर तू हॉस्टेलच्या आत आली नाहीस. डबा घेऊन यायचीस, फाटकाशी उभी राहायचीस. "आत ये की." "नगं. लुगड्यातनं काय तरी यील."

दोन वर्षांनी कफानं तुझी छाती भरत गेली. मी घरी आले की अंथरुणाशी बसायला जायची, आणि तू माझ्या बाजूला आलेला लुगड्याचा पदर ओढून पोटाशी धरायचीस. "लांब बस गं. तुला माघारी हॉस्टेलवर जायाचं हाय." मी लांब बसायची. शेवटच्या दिवशीही तू हातानं तेवढंच खुणावलंस. मी दाराजवळच्या स्टुलावर होते. तू गेल्यावरच तुला हात लावला.

ढेकणाची वाढ मी पुढे शिकले, हॉस्टेलवर असताना मला काही कळत नव्हतं, असं लिहून इथं थांबता आलं असतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलं लिहिते. तू वाकळ आणायच्या चार दिवस आधी मी माझी कॉट झाडायला भिंतीपासून ओढली होती. लाकडाच्या सांध्यात ढेकूण बसलेले दिसले. नवीन मुलगी, आल्या आल्या तक्रार नको, म्हणून मी कॉट पुन्हा भिंतीला लावून ठेवली. आणि मंगळवारी त्या मुलीनं दंड दाखवून "कुठनं आलं गं हे?" असं विचारलं, तेव्हा वाकळीकडे बोट मीच दाखवलं.