तक्त्यावरचे वीस

प्रिय संयू,

तुझे तीन मिस्ड कॉल पाहिले आणि कालचा मेसेजही वाचला. ‘जित्ती हायस का मेलीस?’ जित्ती आहे. रविवारी बिद्रीला यायचं, तुझ्या राजनंदिनीला नर्सिंगला पाठवा म्हणून तुझ्या सासऱ्यांना पटवायचं आणि चार वर्षं ती कोल्हापुरात माझ्या घरी राहील अशी हमी द्यायची, एवढंच तू सांगितलंस. आज नऊ दिवस झाले, मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तू चिडली असशील, चिडायलाच हवं. पण हो म्हणण्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगितल्यावर माझं हो तुला हवं असेल की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून पत्र लिहितेय. शाळा सुटल्यापासून तुला पत्र लिहिलं नव्हतं, अक्षर किती बिघडलंय बघ.

बसून लिहायचं म्हटलं तरी बसवत नाही. दोन ओळी लिहिल्या की उठते, गॅसवर काही नसताना गॅस बघून येते, पुन्हा बसते. संघर्षला नवरा म्हणून काळजी, तो म्हणाला, परीक्षेचं टेन्शन आलं असेल तर डॉक्टरला दाखव. सासूबाई तर हल्ली माझ्यासमोर आडवं व्हायलाच तयार नाहीत. परवा दुपारी त्या पडल्या होत्या आणि मी दारात उभी राहून त्यांच्या पोटाकडं बघत होते. त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, “अगं, जित्ती हाय की मी अजून. काय मोजतीयास सारखं?” मी खरंच मोजत होते. मिनिटाला अठरा श्वास भरले. केएमटीच्या बसमध्ये समोर बसलेल्या बाईचे बावीस, तिच्या मांडीवरच्या बाळाचे छत्तीस. जानेवारीपासून हे चाललंय आणि थांबत नाही.

माझ्या कॉलेजचं तुला नीट कधी सांगितलंच नाही. आम्ही जीएनएमचा डिप्लोमा झालेल्या सिस्टर, वॉर्डात नोकऱ्या केलेल्या. बारावीनंतर पोरी चार वर्षांत जी डिग्री करतात, ती आम्हाला दोन वर्षांत करता येते. पोस्ट बेसिक म्हणतात त्याला. दोन वर्षांत म्हणजे श्वास घ्यायला उसंत नाही. सकाळी हॉस्पिटलची ड्युटी, दुपारी वर्ग, घरी आल्यावर केअर प्लॅन लिहायचे, आणि पोळ्या काही आपोआप लाटल्या जात नाहीत. छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा स्टुडंटचा ड्रेस घालते. ज्या वॉर्डबॉयना मी चौदा वर्षं दरडावलं, त्यातला एक परवा भेटला आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून हसला. शिकवायला मॅडम आहेत त्या सव्वीस वर्षांच्या. पहिल्या दिवशी त्यांनी हात कसे धुवायचे ते शिकवलं, तेव्हा मी मनात म्हटलं, बाई, तू शाळेत होतीस तेव्हापासून मी सलाईन लावतेय. तुला माझा स्वभाव माहीत आहे. मला कुणी शिकवलेलं आवडत नाही, आणि आपल्याला सगळं येतं हे मी चारचौघांत बोलूनही दाखवते.

हा माज जानेवारीत उतरला. लॅबमध्ये आम्हा सात जणींचा गट होता. वर्गातली मनाली पेशंट होऊन कॉटवर झोपली होती, अंगावर चादर. मॅडम म्हणाल्या, हिचं टेंपरेचर, नाडी, श्वास आणि बीपी घ्या आणि चिठ्ठीवर लिहून द्या. मला हसू आलं. हे काय काम झालं? सगळ्यांत आधी चिठ्ठी मी दिली. टेंपरेचर बरोबर, नाडी बरोबर, बीपी बरोबर, श्वास वीस. मॅडमनी सातही चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. आम्हा सहा अनुभवी बायकांच्या चिठ्ठ्यांवर श्वास अठरा नाहीतर वीस होता. सातवी पोरगी गेल्याच वर्षी पास होऊन आलेली, तिनं अठ्ठावीस लिहिले होते. मॅडमनी मनालीला आधीच बाजूला घेऊन भरभर श्वास घ्यायला सांगून ठेवलं होतं. अठ्ठावीसच होते ते. मॅडम रागावल्या नाहीत, मला एवढंच विचारलं, “ताई, तुम्ही किती सेकंद मोजलं?” सगळ्या हसल्या आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

तुला वाटेल, यात एवढं काय. सांगते. थर्मामीटर आकडा दाखवतं, बीपीचं मशीन आकडा दाखवतं. श्वास मात्र नुसत्या डोळ्यांनी बघून मोजावा लागतो, पूर्ण एक मिनिट, दुसरं काही न करता. एका मजल्यावर चाळीस पेशंट आणि सिस्टर दोन, तिथं ते मिनिट सगळ्यांत आधी वाचवलं जातं. माणूस बोलतोय, हसतोय, मग लिहा वीस. मला माझ्या सीनियरनं हे शिकवलं नव्हतं, कुणी मुद्दाम शिकवत नाही. बाकीच्यांचं बघून हात आपोआप तसा चालायला लागतो. त्याच आठवड्यात मॅडमनी दुसरं शिकवलं. माणूस आतून बिघडायला लागला की ताप आणि बीपीच्याही आधी, कित्येक तास आधी, त्याचा श्वास वाढतो. सगळ्यांत पहिल्यांदा श्वासच सांगतो, असं त्या म्हणाल्या. मी वहीत लिहून घेत होते. अर्ध्या वाक्यावर माझं पेन थांबलं ते थांबलंच.

फेब्रुवारीत काकूंनी दरवर्षीसारखी बासुंदी पाठवली. तात्यांच्या तिथीला, नृसिंहवाडीहून, स्टीलच्या डब्यात. ‘माझ्या माणसाचं शेवटचं सोनीनं केलं’ हे सगळ्या कुरुंदवाडला सांगत फिरणारी तुझी आई. आपल्या वाड्यावस्त्यांत कोण कुणाच्या घरात कुठवर जातं हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तुझ्या घरात मी लहानपणापासून चुलीपर्यंत जायचे आणि त्याबद्दल कुणी काही बोलू लागलं तर तात्या त्याला दारात उभं करायचे नाहीत. या वर्षी तो डबा मी उघडला नाही. सासूबाईंनी विचारलं, तोंडाला चव नाही म्हणाले. डबा तसाच शेजारी दिला.

आता तात्यांचं. नऊ वर्षं झाली. राजनंदिनी तेव्हा आठ वर्षांची, तुझ्याकडं उसाची तोड चालू होती, म्हणून तू दुसऱ्या दिवशी येणार होतीस. तात्यांना खोकला आणि ताप, कुरुंदवाडच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं आणि मी ज्या दवाखान्यात होते तिथंच ॲडमिट केलं. दोन ते आठ माझी ड्युटी. मी तर खूश होते, आपलं माणूस आपल्या वॉर्डात. तात्या शेजारच्या कॉटवरच्या पाहुण्याला सांगत होते, “ही आमची सोनी. हिनं सुई टोचली की कळतबी न्हाय.” काकू औषधं आणायला खाली गेल्या की मी तात्यांजवळ जाऊन बसायचे. साडेतीनला मी स्वतः चहा आणून दिला. अर्धा कप चहा प्यायला त्यांना फार वेळ लागला, दोन घोटांच्या मध्ये थांबत होते. मी विचारलं, “तात्या, गरम हाय व्हय?” ते म्हणाले, “न्हाय गं. जरा दम लागतुय.” मी पाठीमागं दुसरी उशी लावली. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन आमच्या मजल्यावर एकच, ते त्या दिवशी ऑपरेशनच्या पेशंटकडं होतं. मी ते आणायला गेले नाही. त्यांच्याच कॉटवर टेकून, त्यांच्याशी गप्पा मारत, मी तक्त्यावर चार वाजताचा श्वास वीस लिहिला. सहाचाही वीस.

मी मोजले नव्हते, संयू. एकदाही नाही. सात वाजता डॉक्टर राऊंडला आले, त्यांनी तक्ता उचलला, वीस आणि वीस वाचले, ‘ठीक आहे, सकाळी एक्स-रे बघू’ म्हणाले आणि पुढच्या कॉटकडं गेले. त्यानंतर तासाभरात तात्यांचे ओठ निळे पडले, त्यांना आयसीयूत नेलं आणि सकाळी दहाला ते गेले. तू पोचलीस तेव्हा डॉक्टरांनी तुला सांगितलं, सगळं अचानक झालं. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि म्हणालीस, तू होतीस म्हणून मला धीर आहे. मलाही तेव्हा ते अचानकच वाटलं होतं, हे खरं सांगते. मी तुझ्याशी तेव्हा खोटं बोलले नाही. खोटं मी चार वाजता लिहिलं होतं आणि ते खोटं आहे हे मला नऊ वर्षं कळलं नाही. चारला मोजले असते तर बहुतेक तीसच्या वर निघाले असते. मी धावत गेले असते, डॉक्टरांना बोलावलं असतं, ऑक्सिजन लागला असता. तात्या वाचले असतेच असं मी म्हणत नाही, ते कुणीच सांगू शकणार नाही. पण त्यांना चार तास मिळाले असते आणि ते मी घालवले. मॅडमना मी आडून आडून विचारून बघितलं, अशा वेळी एकट्या सिस्टरला किती दोष द्यायचा. त्या म्हणाल्या, माणसं कमी असतात, सगळी यंत्रणाच तशी असते. बरोबर आहे त्यांचं. पण त्या दिवशी मी कामात नव्हते गं. मी त्यांच्याजवळच बसले होते, माझ्याकडं वेळ होता. मला स्वतःचा राग येतो तो याचाच, आणि तो कुठं नेऊन ठेवावा कळत नाही.

हे मी गिळून टाकलं असतं. जानेवारीपासून तेच करत होते, आणि रविवारी येऊन तुझ्या सासऱ्यांपुढं बसलेही असते. बाळासोमामा म्हणणार, “आमच्या पोरीनं लोकांचं बेडपॅन उचलायचं व्हय?” त्यावर काय बोलायचं ते माझं पाठ आहे. पण गेल्या मंगळवारी राजनंदिनीनं मला फोनवर दोन पानांचे फोटो पाठवले. कुठल्याशा ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे, तिथं ‘मला नर्स का व्हायचंय’ हे लिहून द्यायचं आणि मग मुलाखतीत बोलून दाखवायचं. मावशी, तपासून दे, म्हणाली. तिनं आजोबांवर लिहिलंय. ‘शेवटच्या दिवशी सोनम मावशी आजोबांजवळ बसून त्यांच्या प्रत्येक श्वासावर लक्ष ठेवून होती. मला तिच्यासारखं व्हायचंय.’ ती पानं मी तपासू शकत नाही, संयू, आणि ती तशीच्या तशी तिला परत देऊही शकत नाही. पोरगी ते वाक्य चार अनोळखी माणसांसमोर बोलणार आणि त्यावर आपलं आयुष्य ठरवणार. त्याआधी तुला खरं माहीत हवं. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी दुसरंच काहीतरी बोलून फोन ठेवला असता, म्हणून लिहिलं. रविवारी रंकाळा स्टँडवरून साडेआठच्या गाडीनं येतेय. तू स्टँडवर आली नाहीस तर मी समजून जाईन, तरी घरापर्यंत येईन, कारण त्या दिवशी काकू तुझ्याकडं असणार आहेत. त्यांना तू आधी काही सांगू नकोस. ते मला त्यांच्यासमोर बसून सांगायचंय.

तू ठेवलीस तर तुझीच,
सोनम