ईयोबाची आधीची मुलं

प्रिय आत्या, सलाम.

हे पत्र तुला पाठवणार नाही, इतकी लाज वाटतेय. इथे परदेशात, पासिर रिसच्या चर्चमध्ये मी संडे स्कूल घेते. आज ईयोबाची गोष्ट सांगितली. त्याची दहा मुलं मरतात, शेवटी देव त्याला नवी दहा देतो. सात वर्षांच्या जाईनं विचारलं, "पण आधीच्यांचं काय?"

लहानपणी मीही तुला हेच विचारलं होतं. तुझा मुलगा प्रबोध जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू म्हणालीस, "मला नाही गं माहीत. मी रोज देवाला विचारते."

मलाही अजून माहीत नाही. तरी मी जाईला दटावलं, "असं विचारणं पाप आहे."

"ओके लाह, टीचर," असं इथल्या मुलांच्या ढंगात म्हणत तिनं मुकाट्यानं चित्र रंगवायला घेतलं.

आणि आत्या, मला हायसं वाटलं.

तुझीच,
निशिगंधा