टेलरचे शंकरपाळे

ता. ३ ऑक्टोबर
चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सणाचे शंकरपाळे तू करणार? दूध उतू जाताना ज्याला गॅस बंद करायचं सुचत नाही, तो? जन्मभर लोकांचे कपडे शिवलेस, आता पीठ शिवायला बसणार म्हण.

तुझ्या छबीचा लग्नानंतरचा हा पहिला सण, आणि तिची आई गेलेली. पोर डबा घेऊन सासरी परतेल तेव्हा विहीणबाई झाकण उघडून बघणारच. हिला आता माहेर उरलं नाही, असं त्यांच्या मनात यायला नको. म्हणून डबा मी पाठवते. तू आपली कात्री सांभाळ.

लोभ आहेच, तो किती ताणायचा ते तू ठरव.
तुझी ताई

ता. ८ ऑक्टोबर
ती. ताईस सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहितो. पोरीची आई गेली तरी बाप आहे, हे त्या घराला कळायला हवं. म्हणून डबा माझ्याच हातचा जाणार.

काल केले. तूप जास्त म्हणजे खुसखुशीत जास्त, अशा हिशेबाने मोहन सढळ हाताने ओतलं. पहिला घाणा कढईत सोडला आणि बघता बघता विरघळला. तेलात नुसता गाळ. हस, पोटभर हस. मग दुसरं पीठ भिजवलं. कातणं सापडेना, तेव्हा दुकानातली दातेरी कात्री उकळत्या पाण्यातून काढली आणि पोळी कापली. पीठ काही कापडासारखं ताणून धरता येत नाही, त्यामुळे एकाचा आकार दुसऱ्याला नाही. पण तळले मंद आचेवर, आणि विरघळला एकही नाही.

तू काही पाठवू नकोस. लोभ तेवढा पाठव, त्याला पार्सलखर्च नाही.
तुझा धाकटा

ता. १२ ऑक्टोबर
चि. भाऊस आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. ती हसून हसून खाली बसली. अरे शहाण्या, मोहन घातलेलं पीठ मुठीत दाबलं की मुटका वळावा आणि बोटाने ढकलला की फुटावा, एवढंच तर असतं. शिवाय आधी एक तळून बघतात, अख्ख्या घाण्याचा बळी देत नाहीत. आणि कात्री! उद्या इस्त्री फिरवून पोळी लाटशील.

डबा पाठवला आहे. शंकरपाळा शंकरपाळ्यावर ठेवून बघ, तसूभर फरक नाही. छबीबरोबर तोच जाईल. तुझे तू खा, दात शाबूत असतील तर.

ऐकलंस तर लोभ राहील.
ताई

ता. २५ ऑक्टोबर
ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे माझं कधी चाललंय? छबीने तुझाच डबा नेला. माझ्या शंकरपाळ्यांची एक पुरचुंडी मात्र तिने वाटेत खायला म्हणून पर्समध्ये टाकली.

काल तिचा फोन आला. विहीणबाईंनी डबा उघडला, एक शंकरपाळा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, विकतचे दिसतात. वर म्हणाल्या, खरंच आहे, घरी करणार तरी कोण. पोरीला ते फार लागलं. तिने ती पुरचुंडी आणून त्यांच्यापुढे सोडली आणि सांगितलं की हे माझ्या बाबांनी स्वतः केलेत. विहीणबाईंनी एक खाल्ला, गोड कमी आहे म्हणाल्या आणि दुसरा उचलला. कात्रीची गोष्ट ऐकून व्याही म्हणाले, पुढच्या वेळी आपणच त्यांच्याकडे जाऊ तळायला. चहाबरोबर पुरचुंडी संपली.

तुझा डबा अजून भरलेला आहे. हे लिहिताना मला फार दुःख होतंय असं समजू नकोस.

लोभ कमी केलास तरी चालेल, अगदी बंद करू नकोस.
तुझा धाकटा

ता. ३० ऑक्टोबर
चि. भाऊस आशीर्वाद.

विकतचे! माझे! त्या बाईच्या तोंडात जीभ आहे की चपलेचा तळ? नीटनेटकं काम म्हणजे दुकानाचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरची भांडीसुद्धा चेपलेली असणार. पोरीने मान वर करून सांगितलं, हे उत्तम केलं. माझं चुकलं असं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

दोन दिवस नुसती चरफडत होते. मग तळणीची कढई घासायला घेतली आणि हात थांबला. या घरात आल्यापासून या कढईपाशी मीच उभी आहे. सासूसाठी, दिरांसाठी, मुलांसाठी, परवा तुझ्या लेकीसाठी. माझ्यासाठी म्हणून आजवर कुणी एक घाणा तळलेला नाही. वाईट वाटलं, भाऊ. फार वाईट वाटलं.

तुझे शंकरपाळे उरले असतील तर पाठव. नसतील तर कर. मी नावं ठेवणारच आहे, ते धरून चाल. पण पाठव.

लोभ असू दे.
तुझी ताई